थंडीने काळ थांबतो का?

प्रश्न कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. अकरावीच्या वर्गात त्यांच्या विद्यार्थिनीने विचारलं: "तापमान म्हणजे अणूंची हालचाल. उणे २७३ अंशांना ती हालचाल थांबते. काहीच हलत नसेल तर काळ कसला? म्हणजे तिथे काळ थांबतो ना? आणि वेगात जाणाऱ्या यानात काळ मंदावतो, मग त्या यानात गारठा वाढतो का?" तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने फ्रिजचा दाखला दिला. फ्रिजमध्ये दूध जास्त दिवस टिकतं, म्हणजे तिथे काळ हळू चालतो. यावर नेमकं काय सांगायचं ते सुचलं नाही, असं बाईंनी मोकळेपणाने लिहिलं आहे.

मी पस्तीस वर्षं मॉसबावर प्रयोगशाळेत काढली. लोखंडाच्या अणुकेंद्रकातून निघणारे गॅमा किरण मोजायचे, नमुना कधी द्रव नायट्रोजनने गार करायचा, कधी भट्टीत तापवायचा, आणि पडद्यावरच्या रेषा किती सरकल्या ते बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे त्या मुलीचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. तिने उष्णता आणि काळ यांच्यात जो धागा पाहिला तो खरोखर आहे, आणि तो मी हाताळलेला आहे. फक्त तो तिला वाटतो त्याच्या उलट दिशेने जातो. अणू गार केला की त्याचं अंतर्गत घड्याळ किंचित जलद चालतं, तापवला की मंदावतं. आणि निरपेक्ष शून्याला ते थांबत नाही. हे सगळं नीट उलगडून सांगतो, पण आधी दुधाचा प्रश्न सोडवू, कारण बाकीची किल्ली तिथेच आहे.

दूध नासतं ते जिवाणूंमुळे. जिवाणूंची वाढ रासायनिक क्रियांवर चालते आणि रासायनिक क्रिया अणू-रेणूंच्या टकरींवर. गार केलं की टकरी मंदावतात, जोरदार टकरींचं प्रमाण तर फारच घटतं, म्हणून दूध टिकतं. हा दुधाचा गुण झाला. काळाबद्दल यातून काहीच कळत नाही. हे ठरवायचं कसं? त्याच फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी आणखी वेगवेगळ्या प्रकारची घड्याळं ठेवून बघायची.

आमच्याकडे कोबाल्ट-५७ चा सोर्स असायचा. नखाएवढी धातूची चकती, तिच्यात मुरवलेला किरणोत्सर्गी कोबाल्ट. हा कोबाल्ट क्षय पावून लोखंड होतो आणि त्या लोखंडातून आमचे गॅमा किरण निघतात. त्याचं अर्धायुष्य साधारण २७२ दिवस. म्हणजे नऊ महिन्यांत सोर्सची ताकद निम्मी होते आणि जो वर्णपट दोन दिवसांत मिळायचा त्याला चार दिवस लागतात. सोर्स महाग, मागवायला परवानग्या, यायला महिने. दर दोन-तीन वर्षांनी एखादा नवा विद्यार्थी मनापासून सुचवायचा, "सर, वापरात नसताना हा डीप फ्रिजमध्ये ठेवला तर जास्त दिवस टिकेल का?" त्याला मी सांगायचो की कोबाल्टच्या केंद्रकात जे चालतं त्याला बाहेरची थंडी पोचतच नाही. अणूंच्या टकरींची ऊर्जा आणि केंद्रकातली ऊर्जा यांच्यात लाखो पटींचा फरक आहे. फ्रिजमध्ये ठेवा, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा, २७२ दिवसांनी तो निम्माच होणार.

म्हणजे एकाच थंडीत दूध कितीतरी पटींनी मंदावलं आणि कोबाल्ट जिथल्या तिथे राहिला. काळच मंदावला असता तर दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावायला हवे होते. वर्गात हीच कसोटी द्या: एखाद्या ठिकाणी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी सगळी घड्याळं एकाच प्रमाणात मागे पडली, तर तिथे काळ मंदावला असं म्हणायचं. प्रत्येक घड्याळ आपापल्या तऱ्हेने बिघडत असेल तर तो त्या त्या घड्याळाचा दोष. बहुतेक गैरसमज या एका कसोटीवर सुटतात.

घड्याळांचे हे दोष मोठे बोलके असतात. जुन्या लंबकाच्या घड्याळात पोलादी दांडी असेल तर तापमान १ अंशाने वाढल्यावर दांडी किंचित लांबते आणि घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. पुण्याच्या जानेवारीत लावलेलं घड्याळ एप्रिलमध्ये दिवसाला पाच-सहा सेकंद मागे जाईल. पितळी दांडी असेल तर आणखी जास्त. हा दोष घालवायला इन्व्हार नावाचा लोखंड-निकेलचा मिश्रधातू उपयोगी पडला, आणि तो शोधणाऱ्या शार्ल गियोम यांना १९२० चं नोबेल मिळालं. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याची गंमत वेगळी. तो साधारण २५ अंशांना सर्वांत जलद असतो, त्याहून गार केला तरी मंदावतो आणि गरम केला तरी मंदावतो. थंडीने काळ मंदावत असेल तर मग उन्हानेही मंदावतो असं म्हणावं लागेल, आणि लंबक मात्र थंडीत जलद चालतो. एकाच खोलीत तीन घड्याळं, तीन वेगळी उत्तरं. यात काळाचा काही हात नाही.

आता तापमानाकडे वळतो, कारण मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. "तापमान म्हणजे अणूंची हालचाल" हे वाक्य पाठ्यपुस्तकातून इतक्या वेळा आलेलं असतं की त्यातला एक महत्त्वाचा शब्द गळून पडला आहे हे लक्षात येत नाही. तापमान म्हणजे अणूंची *अस्ताव्यस्त* हालचाल. सगळे अणू शिस्तीत एका दिशेने निघाले तर त्याने तापमान बदलत नाही. विमानात बसून थर्मासमधला चहा प्या. विमान सेकंदाला अडीचशे मीटर पळतंय, चहाचा रेणू न् रेणू त्या वेगाने पुढे जातोय, पण चहा एका अंशानेही जास्त गरम झालेला नाही. एकत्र जाण्याचा वेग वेगळा आणि आपापसातली धावपळ वेगळी. गाडीचा ब्रेक दाबल्यावर पहिल्याचं रूपांतर दुसऱ्यात होतं, म्हणून ब्रेक तापतो. अवकाशातून परत येणारं यान तापतं ते पुढ्यातली हवा दाबली जाऊन भयंकर तापते म्हणून. हवाच नसेल तर कितीही वेगाने जा, यान तापणार नाही आणि गारही होणार नाही.

तापमान आणि उष्णता यांचीही गल्लत होते, ती दिवाळीत सुधारून घेता येते. फुलबाजीच्या ठिणग्या हजार अंशांच्या वरच्या असतात, तरी हातावर पडल्या तर जेमतेम चुणचुणतात. ठिणगीत द्रव्यच इतकं कमी की देण्यासारखी उष्णता तिच्याकडे नसते. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर, जिथे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरतं, तिथल्या हवेचं तापमानही हजार अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि तरी तिथे अंतराळवीर भाजत नाही, कारण हवा नावापुरतीच आहे.

मग निरपेक्ष शून्याला, म्हणजे उणे २७३.१५ अंशांना, हालचाल थांबते हे खरं का? नाही. शाळेत आपण तसं शिकतो, कारण वायूचा आलेख खाली खाली नेला की तो तिथे शून्याला टेकतो. पण पुंजभौतिकीच्या, म्हणजे अणूंच्या जगाला लागू असलेल्या, नियमांमुळे बांधलेला अणू पूर्ण स्वस्थ बसूच शकत नाही. त्याची जागा आणि त्याचा वेग दोन्ही एकदम नेमके ठरलेले असू शकत नाहीत, म्हणून काढून घेता येईल तेवढी सगळी ऊर्जा काढून घेतली तरी एक थरथर उरतेच. तिला शून्य-बिंदू ऊर्जा म्हणतात. निरपेक्ष शून्य म्हणजे हालचाल संपण्याची जागा नसून, अणूकडून आणखी काही काढून घेता येत नाही अशी जागा. डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा असेल तर हेलियम. ४.२ केल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या ४.२ अंश वर, तो द्रव होतो, आणि नेहमीच्या दाबाखाली पुढे कितीही गार करा, तो गोठत नाही. अणूंची उरलेली थरथर त्याला घट्ट बसूच देत नाही. गोठवायचा तर वातावरणाच्या साधारण पंचवीस पट दाब द्यावा लागतो.

आणि एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. आपला सेकंद सीझियमच्या अणूवरून ठरतो. त्याच्या एका ठराविक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे १ सेकंद, अशी व्याख्या १९६७ मध्ये झाली. पुढे १९९७ मध्ये त्यात एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: हा अणू स्थिर आणि ० केल्विन तापमानाला आहे असं धरायचं. म्हणजे जिथे काळ थांबतो असं वाटतं, नेमक्या त्याच तापमानाला जगाने आपला सेकंद बांधला आहे. कारण साधं आहे. भोवतीच्या गरम भिंती अवरक्त प्रारण फेकत असतात, त्याने सीझियमचं आवर्तन थोडं ढळतं. हा घड्याळाला लागणारा धक्का, त्यामुळे तो हिशेबात धरून काढून टाकायचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मापन संस्थेने २०१४ मध्ये जे सीझियम घड्याळ वापरात आणलं, त्याची अणू उडवायची नळीच द्रव नायट्रोजनने गार ठेवलेली होती.

इथवर मी तापमान आणि काळ यांना वेगळं करत आलो. आता त्यांची खरी गाठ कुठे पडते ते सांगतो. हा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे.

१९५८ मध्ये रुडॉल्फ मॉसबावर यांनी दाखवलं की स्फटिकात घट्ट बसलेल्या केंद्रकातून गॅमा किरण बाहेर पडताना केंद्रकाला एरवी बसणारा मागचा धक्का टाळता येतो, आणि मग त्या किरणाची वारंवारिता कल्पनेपलीकडची नेमकी राहते. त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. लोखंड-५७ चा गॅमा किरण यासाठी उत्तम. त्याची वारंवारिता म्हणजे केंद्रकाच्या घड्याळाची टिकटिकच. हार्वर्डमधल्या रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी त्याचा उपयोग आइनस्टाइनचं एक भाकीत तपासायला करायचं ठरवलं. उंचावरचं घड्याळ खालच्यापेक्षा जलद चालतं, हे ते भाकीत. त्यांच्याकडे उंची होती फक्त साडेबावीस मीटर, इमारतीच्या तळघरापासून छतापर्यंतची. एवढ्या उंचीने पडणारा फरक इतका बारीक की त्या दोन घड्याळांत १ सेकंदाचं अंतर पडायला साधारण १ कोटी ३० लाख वर्षं लागतील.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या हार्वेल इथला एक गटही याच मापनात गुंतला होता. १९६० मध्ये ब्रायन जोसेफसन नावाच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्याने म्हटलं की वरच्या आणि खालच्या लोखंडाचं तापमान अगदी सारखं आहे ना, हे बघितलंय का? लोखंडातले अणू थरथरतात. थरथरणारा अणू म्हणजे वेगात असलेला अणू, आणि वेगात असलेल्या घड्याळाचा काळ आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार मंदावतो. जास्त तापलेलं लोखंड, जास्त वेग, जास्त मंद घड्याळ. दोन टोकांच्या तापमानात फक्त १ अंशाचा फरक असला तरी त्याने पडणारा फरक त्या साडेबावीस मीटर उंचीच्या फरकाएवढाच भरतो. पाउंड आणि रेब्का यांनाही स्वतंत्रपणे हे उमगलं होतं. त्यांनी तापमान बदलून हा परिणाम प्रत्यक्ष मोजला, मनोऱ्याच्या दोन्ही टोकांना थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून दुरुस्ती केली, आणि त्याच वर्षी भाकितातल्या आकड्याशी दहा टक्क्यांत जुळणारं उत्तर दिलं. जोसेफसन यांना पुढे, वेगळ्या शोधासाठी, १९७३ चं नोबेल मिळालं.

या हिशेबात फार मोठं गणित नाही, अकरावीचे विद्यार्थी तो करू शकतात. खोलीच्या तापमानाला लोखंडाचा अणू सरासरी सेकंदाला ३८० मीटर वेगाने थरथरतो. हवेतल्या आवाजापेक्षा थोडा जास्तच. त्या वेगाचा वर्ग करा, प्रकाशवेगाच्या वर्गाच्या दुपटीने भागा, आणि केंद्रकाचं घड्याळ किती अंशाने मंदावलं ते मिळतं. टेबलावरच्या साध्या खिळ्यात हे आत्ता चालू आहे. खिळ्यातल्या प्रत्येक केंद्रकाचा काळ आपल्यापेक्षा दिवसाला सत्तरेक नॅनोसेकंदांनी मागे पडतोय.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं? सोर्स एका दांडीला बसवलेला असतो आणि ती दांडी स्पीकरच्या पडद्यासारखी पुढे-मागे हलते, सेकंदाला काही मिलिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीने. पुढे लोखंडाचा पातळ पत्रा, त्याच्यामागे डिटेक्टर. सोर्स पत्र्याकडे सरकतो तेव्हा किरणाची वारंवारिता कणभर वाढते, दूर जातो तेव्हा घटते. पत्र्यातल्या केंद्रकांना जी वारंवारिता हवी ती जुळली की ते किरण गिळतात आणि पडद्यावर खड्डा दिसतो. शुद्ध लोखंडाचे असे सहा खड्डे. मी संध्याकाळी ड्युअरमधून (मोठ्या थर्मासमधून) क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना गार ठेवायच्या भांड्यात, द्रव नायट्रोजन ओतायचो. आधी जोरात फुसफुसतो, पांढरी वाफ जमिनीवरून पसरते, मग हळूहळू शांत होतो. तापमान ७८ केल्विनला स्थिर झालं की मोजणी लावून घरी जायचो. सकाळी येऊन बघावं तर सहाही रेषांचा मध्य उजवीकडे, धन वेगाच्या बाजूला, सेकंदाला साधारण ०.१२ मिलिमीटर सरकलेला. म्हणजे गार लोखंडाच्या केंद्रकाला आता जास्त वारंवारिता हवी होती. त्याचं घड्याळ जलद झालं होतं, दिवसाला सुमारे ३५ नॅनोसेकंदांनी. त्या सरकण्याचा जवळजवळ सगळा भाग सापेक्षतेचा आहे. अवकाशयान नाही, विमान नाही, नुसता टेबलावरचा पत्रा आणि बादलीभर नायट्रोजन.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा कस लागतो. नायट्रोजनऐवजी द्रव हेलियम वापरून ७८ केल्विनवरून ४.२ केल्विनवर गेलं तर काय व्हावं? शाळेतला समज खरा असता, हालचाल तापमानाच्या प्रमाणात घटत जाऊन शून्याला संपत असती, तर रेषा त्याच हिशेबाने सरकत राहिली असती. ती सरकत नाही. या टप्प्यात ती जेमतेम सेकंदाला ०.००५ मिलिमीटर हलते, आमच्या यंत्रावर हे मोजतानाही डोळ्यांत तेल घालून बसावं लागायचं. आलेख सपाट होतो, कारण उरलेली थरथर शून्य-बिंदूची आहे आणि ती कुठल्याच थंडीने जात नाही. हिशेब केला तर खोलीच्या तापमानाला लोखंडाच्या अणूकडे थरथरीची जी ऊर्जा असते, तिच्यातली जवळपास निम्मी निरपेक्ष शून्यालाही त्याच्याकडे असते. दुसरा पुरावा खड्डे किती खोल आहेत त्यावरून मिळतो. धक्क्याशिवाय किरण गिळण्याचं प्रमाण अणूच्या थरथरीवर अवलंबून असतं. अणू पूर्ण थांबला असता तर ते शंभर टक्के झालं असतं. लोखंडात ते खोलीच्या तापमानाला ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं आणि कितीही गार केलं तरी ब्याण्णव टक्क्यांच्या आसपास अडकतं.

जाता जाता, वर मी म्हटलं की कोबाल्टला थंडी पोचत नाही. आता ते बारकाईने दुरुस्त करतो. सोर्समधली थरथर कोबाल्टच्या केंद्रकाचाही काळ मंदावते, म्हणून खोलीतल्या सोर्सचं २७२ दिवसांचं अर्धायुष्य, तो अणू अजिबात हलत नसता तर जेवढं झालं असतं त्यापेक्षा, वीसेक मायक्रोसेकंदांनी जास्त आहे. सोर्स फ्रिजमध्ये ठेवला तर तो कणभर *लवकर* संपेल.

वेगात जाणाऱ्या यानाबद्दल बोलू. काळ मंदावतो आणि म्हणून अणूंची धावपळ मंद दिसते, मग यान गार व्हायला नको का, हा तर्क हुशार आहे. हुशार माणसांनाही त्याने दमवलं आहे. १९०७ मध्ये माक्स प्लांक आणि आइनस्टाइन यांनी वेगातल्या वस्तूचं तापमान कमी धरावं असं मांडलं. १९६३ मध्ये हाइनरिख ऑट यांनी नेमकं उलट, जास्त धरावं असं मांडलं. नंतर काहींनी म्हटलं की ते बदलतच नाही. हे मतभेद प्रयोगातले नव्हते, तापमान या शब्दाची व्याख्या कशी ताणायची याबद्दलचे होते. आज काम करणारे बहुतेक लोक साधा रस्ता घेतात: वस्तूचं तापमान म्हणजे तिच्यासोबत प्रवास करणाऱ्या थर्मामीटरने दाखवलेलं तापमान. यानातला थर्मामीटर २५ अंश दाखवत होता, तो २५ अंशच दाखवत राहतो. यानातल्या माणसाला चहा गार लागत नाही, नाडी मंद लागत नाही, दूध जास्त दिवस टिकल्यासारखं वाटत नाही. सगळं एकाच प्रमाणात मंदावलं आहे, म्हणून आतून काहीच कळत नाही. आपली कसोटी इथे पूर्ण उतरते, आणि म्हणूनच हा काळाचा परिणाम आहे असं आपण म्हणतो.

बाहेरून बघणाऱ्याला मात्र गमतीदार गोष्ट दिसते: वेगातल्या वस्तूचं तापमान दिशेप्रमाणे बदलल्यासारखं वाटतं. आपण स्वतः हे अनुभवतो. सगळ्या विश्वात २.७२५ केल्विनचं प्रारण भरून राहिलं आहे. आपली सूर्यमाला त्यातून सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाने जाते, म्हणून सिंह राशीच्या बाजूला ते प्रारण केल्विनच्या हजारांश भागांत साडेतीनएक भागांनी गरम दिसतं आणि विरुद्ध बाजूला तेवढंच गार.

सगळी घड्याळं एकत्र मंदावतात याचा उत्तम साक्षीदार म्हणजे म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच पण जड आणि अल्पायुषी कण. वातावरणात पंधराएक किलोमीटर उंचीवर वैश्विक किरणांमुळे हे कण तयार होतात. स्थिर म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. तरी हे कण जमिनीवर पोचतात, उघड्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो. अशा अल्पायुषी कणांवरून काळाचं मंदावणं थेट तपासता येईल हे १९३८ मध्ये होमी भाभांनी लिहिलं होतं, तेव्हा ते केंब्रिजमध्ये होते. १९४१ मध्ये ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात आणि पायथ्याशी म्यूऑन मोजून ते दाखवून दिलं. पुढे १९७७ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत म्यूऑन १४ मीटर व्यासाच्या कड्यात फिरवले, आणि त्यांचं आयुष्य ६४ मायक्रोसेकंदांवर गेलं, साधारण २९ पट. म्यूऑनच्या आत ना स्प्रिंग, ना स्फटिक, ना गार-गरम व्हायला काही सुटे भाग. "घड्याळाच्या यंत्रावर ताण येत असेल" ही शंका इथे उरत नाही. त्या कड्यात गुरुत्वाकर्षणाच्या कोटी कोटी पटींहूनही जास्त त्वरण होतं, तरी परिणाम फक्त वेगाचाच दिसला.

व्यवहारात तापमानाचा आणि काळाचा परिणाम वेगवेगळा कसा हाताळतात ते फोनमधल्या जीपीएसवरून समजतं. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, एकूण ३८ पुढे. ते सोडून दिलं तर दिवसाअखेर अंतरात ११ किलोमीटरची चूक साठेल. म्हणून जमिनीवर असतानाच घड्याळाची वारंवारिता १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ अशी बसवतात. उपग्रह मात्र आलटून पालटून उन्हात आणि सावलीत जातो, त्याने रुबिडियमचं घड्याळ ढळू नये म्हणून त्याचं तापमान वेगळ्या यंत्रणेने स्थिर ठेवतात. जीपीएससारख्याच आपल्या भारतीय नाविक यंत्रणेच्या उपग्रहांतही हीच काळजी घ्यावी लागते. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ गेलं. उष्णतेवरचा उपाय म्हणजे इन्सुलेशन आणि हीटर. सापेक्षतेवर इन्सुलेशन चालत नाही, तिथे आकडाच बदलावा लागतो.

वर्गासाठी एक प्रयोग सांगतो, खर्च जवळपास नाही. एकाच कंपनीची, एकाच प्रकारची दोन साधी क्वार्ट्झ घड्याळं घ्या. पहिला आठवडा दोन्ही वर्गातच ठेवा आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या प्रमाणवेळेशी रोज ताडून कोणतं किती चुकतं ते लिहून ठेवा. हे केलं नाही तर पुढचे आकडे निरर्थक ठरतील, कारण प्रत्येक स्फटिकाची मूळची चूक वेगळी असते. दुसऱ्या आठवड्यात एक घड्याळ हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बॅटरी दगा देते. आठवड्याने ते नेहमीपेक्षा सुमारे आठ सेकंद मागे दिसेल. त्याच वेळी एका वाटीत दूध फ्रिजमध्ये आणि एका वाटीत बाहेर ठेवा. तिसऱ्या आठवड्यात तेच घड्याळ ४५ अंशांच्या आसपास उबेत ठेवा, दही लावायला करतो तशी उबदार पेटी चालेल. पुन्हा आठेक सेकंद मागे. मग मुलांना वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा: फ्रिजमध्ये घड्याळ किती टक्क्यांनी मंदावलं, आणि दूध किती टक्क्यांनी.